शंभर ग्रॅमची तागडी

मराठी माणूस ताटावर बसला की जेवणाखेरीज कुठल्याही विषयावर भांडतो, अशी आमच्या पिढीची ख्याती होती. आताचा मराठी माणूस ताटातल्या जिनसांवरूनच भांडतो. पूर्वीही एखादं भांडण मिठावरून होई, नाही असं नाही; पण मीठ कमी की जास्त हा प्रश्न जिभेवर सुटत असे आणि फार तर एक दिवस अबोला टिकत असे. आता प्रश्न प्रथिनांचा असतो. प्रथिनं जिभेला कळत नाहीत, डोळ्यांना दिसत नाहीत. ज्या गोष्टी दिसत नाहीत त्यांच्याबद्दल माणूस किती जोरात बोलतो, हे आपण धर्मात आणि अर्थशास्त्रात पाहिलंच आहे. आता आहारशास्त्रात पाहायचं.

आमच्या घरात हा वाद पुतण्याने आणला. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. महिन्यातून एकदा काका-काकूंना भेटायला येतो आणि येताना आपलं खाणं डब्यातून बरोबर आणतो. पाहुण्याने आपला शिधा आपणच आणावा, ही कल्पना महागाईच्या दृष्टीने मला पसंत आहे. पण त्या डब्यात काय, तर भाजलेले बदाम, भाजलेले काजू आणि भाजलेले शेंगदाणे. सौ.ने पालकाची पातळ भाजी वाढायला घेतली तर या चिरंजीवांनी वाटीवर हात आडवा धरला.

"काकू, भाजी नको. भाजी म्हणजे नुसतं पाणी. शंभर ग्रॅम शिजवलेल्या पालकात २३ कॅलरी आणि ३ ग्रॅम प्रोटीन. शंभर ग्रॅम भाजलेल्या दाण्यांत ५८५ कॅलरी आणि २५ ग्रॅम प्रोटीन. साधं गणित आहे काका!"

सौ.ने डाव परत भांड्यात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षांच्या संसारानंतर त्या पाहण्याचा अर्थ मला लागतो. 'तुमच्या घराण्यातलं आहे, तुम्हीच निस्तरा,' असा तो असतो. तेव्हा निस्तरतो.

आकडे खरे आहेत. माझं भांडण आकड्यांशी नाही, तागडीशी आहे. वाण्याने तागडीला दांडी मारली तर आपण त्याच्याशी हुज्जत घालतो. पण 'दर शंभर ग्रॅमला' असं छापून आलं की सुशिक्षित माणूस मान डोलावतो. शिजवलेल्या पालकात शंभरातले ९१ भाग पाणी असतं. भाजलेल्या दाण्यात जेमतेम दोन. म्हणजे आपण एक ओली वस्तू आणि एक कोरडी वस्तू एका वजनाला लावून कोरडीला पैलवान ठरवतोय. याच न्यायाने दूध आणि खवा शेजारी ठेवून दूध निकृष्ट ठरवता येईल, आणि द्राक्षाला बेदाण्यासमोर मान खाली घालायला लावता येईल.

शिवाय शंभर ग्रॅम पालकाची भाजी म्हणजे एक वाटी. ती माणूस बोलता बोलता संपवतो. शंभर ग्रॅम दाणे म्हणजे दीड-दोनशे दाणे! पाच-सहा पोळ्यांचा ऐवज. तो एका बैठकीत संपवणारा माणूस मी फक्त क्रिकेटचा सामना चालू असताना पाहिला आहे, आणि दुसऱ्या दिवशी तो कुठेच दिसला नाही. सभ्य माणूस मूठभर दाणे खातो. मूठभर म्हणजे तीसेक ग्रॅम धरा. त्यात सुमारे १७५ कॅलरी आणि सात ग्रॅम प्रथिनं. आता वाटीभर भाजीतली तीन आणि मूठभर दाण्यांतली सात असा सामना लावा. आठपटीचा विजय सव्वादोनपटीवर आला की नाही? आणि ती भाजी सौ.ने फोडणीवाचून केलेली नाही. दोन चमचे तेल म्हणजे आणखी ९० कॅलरी. पुतण्याच्या तक्त्यातला पालक बिचारा बिनफोडणीचा आणि बिनमिठाचा आहे. तो इस्पितळात खातात, घरात नाही.

भाजीवाल्यांच्या पक्षाने मात्र एवढ्यावर टाळ्या पिटू नयेत. त्यांनाही दांडी मारता येते, फक्त ती दुसऱ्या टोकाला मारतात. ते म्हणतात, वजनावर नको, कॅलरीवर मोजा. शंभर कॅलरींच्या पालकात जवळजवळ १३ ग्रॅम प्रथिनं, शंभर कॅलरींच्या दाण्यांत फक्त चार-सव्वाचार. झाला की नाही पालक भीमसेन? झाला. पण शंभर कॅलरी मिळवायला तो भीमसेन सव्वाचारशे ग्रॅम शिजवून खावा लागतो. म्हणजे चार वाट्यांच्या वर. एका जेवणात चार वाट्या पालक खाऊन उठणारा मनुष्यप्राणी माझ्या परिचयाचा नाही. गाय आहे.

पालकाच्या लोहाची कथा तर याहून सुरस आहे. पालक म्हणजे लोखंडाची खाण, अशी जगाची समजूत. पुढे विद्वान मंडळी सांगू लागली, की एकोणिसाव्या शतकात एका जर्मन शास्त्रज्ञाकडून दशांशचिन्ह चुकलं आणि पालकाचं लोह दहापट झालं. १९८१ साली एका ब्रिटिश डॉक्टरने ही गोष्ट तिथल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लिहिली, आणि तेव्हापासून ती प्रत्येक हुशार माणसाच्या तोंडी आहे. पण २०१० नंतर कोणी तरी चिकाटीने जुने कागद चाळले, तर त्या चुकलेल्या दशांशचिन्हाचाच पुरावा सापडेना! म्हणजे लोक ज्या दंतकथेला हसत होते, ती हसणाऱ्यांची दंतकथा निघाली. पॉपाय नावाचा खलाशीही १९२९ साली चित्रपट्टीत अवतरला. त्याच्या जनकाने १९३२ मध्ये पालकाची महती सांगितली ती 'अ' जीवनसत्त्वासाठी, लोहासाठी नव्हे. दशांशचिन्ह सरकलं असो वा नसो, सरकलेल्या अकलेवर उपाय अजून निघायचा आहे.

खरी गोष्ट साधी आहे. शिजवलेल्या पालकाच्या वाटीत तीन-साडेतीन मिलिग्रॅम लोह असतं. आकडा वाईट नाही. पण पालेभाजीतलं लोह अंगी लागायला कुरकुरतं, थोडंच लागतं. कॅल्शियमचीही तीच तऱ्हा. पालकात ऑक्झॅलेट नावाचा एक पदार्थ आहे, तो कॅल्शियमला मिठी मारून बसतो. दुधातल्या कॅल्शियमपैकी चौथा हिस्सा तरी शरीर घेतं, पालकातल्यापैकी शेकडा पाचच्या आसपास. तक्त्यात लिहिलेलं आणि अंगाला लागलेलं यांत पगारपत्रकावरच्या रकमेत आणि हातात पडलेल्या रकमेत असतो तेवढा फरक असतो. मध्यमवर्गीयाला हे वेगळं समजावायला नको.

आता तुम्ही म्हणाल, मग दाणेच बरे. थांबा. हाच न्याय डब्यालाही लावू. अमेरिकेच्या शेतकी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली माणसांना अख्खे बदाम खायला घालून हिशेब मांडला, तर बदामातून मिळणारी ऊर्जा छापील आकड्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी भरली. बदाम नीट चावला गेला नाही तर त्यातली चरबी पेशींच्या भिंतीआड तशीच राहते आणि आल्या वाटेने पुढे जाते. म्हणजे पुतण्या डब्यावरचा आकडा वाचून जे खातो, त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा तो वाचतोच फक्त. शिवाय भाजलेल्या दाण्यांत 'क' जीवनसत्त्व शून्य, 'अ' शून्य. पालकात 'अ' ज्यापासून होतं ते कॅरोटिन भरपूर, फोलेट चांगलं, 'के' जीवनसत्त्व एका वाटीत दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट. आणि दाणा जपून निवडावा लागतो. १९६० साली इंग्लंडात लाखाच्या वर टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेतला तर त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर बुरशी होती आणि तिचं विष त्यात उतरलं होतं. ते विष भाजल्याने पुरतं जात नाही. तेव्हा सुरकुतलेला, काळपट, कडू लागणारा दाणा 'फुकट कशाला घालवायचा' म्हणून गिळू नये. काटकसर करायला जगात दुसऱ्या पुष्कळ जागा आहेत.

नुसत्या दाण्यांवर राहून पाहिलेला एक मोठा माणूसही आपल्याकडे होऊन गेला. १९१८ साली खेडा जिल्ह्यात फिरताना गांधीजींचा आहार मुख्यतः शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबं हा होता. हे लोणी फार खाल्लं तर बाधतं हे ठाऊक असूनही आपण खाल्लं, असं त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. पोट बिघडलं, आजार वाढत वाढत मरणाच्या दारापर्यंत गेला आणि पुढे शेळीचं दूध आलं. ज्यांच्या निग्रहापुढे इंग्रज सरकार टिकलं नाही, त्यांच्या निग्रहापुढे दाणा टिकला. आपण कुठे!

तेव्हा पालक की दाणे, हा प्रश्नच मुळात वांझोटा आहे. डावा पाय की उजवा पाय अशी निवड कोणी करत नाही. पालकातलं कॅरोटिन अंगात शिरायला स्निग्ध पदार्थ लागतो. अमेरिकेत २००४ साली काही लोकांना कच्च्या भाज्यांचं कोशिंबिरीसारखं काही तरी खायला दिलं. ज्यांच्या पानात तेलाचा थेंब नव्हता त्यांच्या रक्तात कॅरोटिन जवळजवळ उतरलंच नाही, तेल होतं त्यांच्यात उतरलं. हे वाचून मला त्या शास्त्रज्ञांची दया आली. त्यांनी एकदा आमच्याकडच्या लग्नाच्या पंगतीला बसायला हवं होतं. अळूची पातळ भाजी घ्या. तिच्यात शेंगदाणे आहेत, हरभऱ्याची डाळ आहे, खोबरं आहे, आंबटाला चिंच आहे, वर फोडणी आहे. पानं आपलं कॅरोटिन आणतात, दाणे आपलं तेल आणि प्रथिनं आणतात, डाळ दाण्यांत जे कमी आहे ते भरून काढते. मेथीत दाण्याचं कूट, काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट, भरल्या वांग्यांत तर कुटाशिवाय वांगं तोंडच उघडत नाही. हा तह कोणा आजीने प्रयोगशाळेत न जाता करून ठेवला. आणि आमच्या पुतण्याने तो मोडून दोन वेगळे डबे केले, वर त्याला विज्ञान म्हणतो.

बदामाच्या प्रतिष्ठेविषयीही दोन शब्द बोलणं भाग आहे. शेंगदाण्याला आपल्याकडे 'गरिबांचे बदाम' म्हणतात. म्हणणाऱ्याला वाटतं, आपण दाण्याचा गौरव केला. कसला गौरव? शंभर ग्रॅमला — दांडी मारलेली का होईना, पण या दोघांत पाणी सारखंच कमी, म्हणून इथे ती चालेल — दाण्यात प्रथिनं २५ ग्रॅम, बदामात २१. बदामात 'ई' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जास्त, हे कबूल. पण एका किलो बदामाच्या पैशात पाच-सहा किलो दाणे येतात. तेव्हा खरं म्हणजे बदामालाच 'श्रीमंतांचे दाणे' म्हणायला हवं. दाणा वास्तविक कवचफळांच्या जातीतलाही नाही; तो मूग-मटकीचा भाऊबंद. फूल वर येतं, मग त्याचा देठ वाकून जमिनीत शिरतो आणि शेंग मातीखाली धरते. एवढा विनयशील जीव वनस्पतिसृष्टीत दुसरा नसेल. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पण इथे येऊन इतका सोवळा झाला की थेट उपासाच्या ताटात जाऊन बसला. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, बटाटा, मिरची, शेंगदाणा, सगळे समुद्रापलीकडचे. साबुदाण्याच्या खिचडीत अस्सल आपलं म्हणावं असं तूप तेवढं. आणि एकादशीला बंदी कुणावर, तर घरच्या वांग्यावर!

पण मला खरा राग आहे तो याहून वेगळ्या गोष्टीचा. भाजीवर जे बोट ठेवलं जातं ते पोषणासाठी नाहीच. भाजी ही निवडावी लागते, हे तिचं खरं पाप. मेथीच्या चार जुड्या आणा. वर्तमानपत्र पसरा, मुळं तोडा, पानं खुडा, पिवळी बाजूला काढा, माती जाईपर्यंत तीनदा धुवा, चिरा, शिजवा. आणि एवढा डोंगर कढईत पडला की त्याची वाटी-दीड वाटी होते. एक तास जातो. डब्याचं झाकण उघडायला दोन सेकंद लागतात. शास्त्राच्या नावाखाली जो लढा चालला आहे, तो मुळात या एका तासाचा आहे. हा तास पिढ्यान् पिढ्या कोणी दिला? आई, काकू, बायको यांनी. त्या नोकरीला जाऊ लागल्या, तास शिल्लक राहिला नाही, आणि तेव्हा घरातल्या पुरुषांना एकाएकी शोध लागला, की भाजीत नुसतं पाणी असतं!

निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे मेथी मी निवडतो. त्याबद्दल मला हार घालावा असं मुळीच म्हणणं नाही. जाता जाता सांगितलं. पुतण्यालाही मी एक जुडी पुढे सरकवली. त्याने ती मोबाइल धरावा तशी धरली. दहा मिनिटांनी म्हणाला, "काका, हे रोज करायचं?" मी म्हटलं, "रोज नाही रे. भाजी असेल त्या दिवशी." गणितात ही ओळ त्याने धरलेली नव्हती.

आणि आता शेवटचं, जे हसण्यावारी नेता येणार नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मध्यंतरी जिना चढताना धाप लागायला लागली. एका डॉक्टरांकडे गेल्या, त्यांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठ निघालं. फी घेऊन वर सल्ला दिला, "अशक्तपणा आहे, रोज दहा बदाम खा." त्या बाईंनी पाव किलोचा भाव विचारला आणि दुकानातून परत आल्या. सौ.ला विचारत होत्या, "वहिनी, बदाम नाही खाल्ले तर रक्त वाढणारच नाही का हो?"

याचं उत्तर द्यायला मला तक्ता उघडावा लागला. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं, असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितलं आहे. दहा बदामांत अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. मूठभर दाण्यांतही तेवढंच, थोडं इकडेतिकडे. पालकाच्या वाटीत तीन-साडेतीन, त्यातलंही लागतं थोडं. हिमोग्लोबिन आठ असलेल्या बाईला यांतलं एकही एकटं पुरं पडत नाही. तिला लोहाच्या गोळ्या लागतात, आणि रक्त कशाने कमी झालं हे शोधणारा डॉक्टर लागतो. गोळ्यांच्या जोडीला पालेभाजी, डाळ, त्यावर लिंबू पिळलेलं, कारण 'क' जीवनसत्त्वाने वनस्पतीतलं लोह अंगी लागतं. आणि जेवल्यावर लगेच चहा नाही, कारण चहा ते लोह अडवतो. दाणे-गुळाचा लाडू खावा. रक्तासाठी नव्हे, प्रथिनांसाठी आणि कामाच्या ताकदीसाठी. हे सगळं तिच्या आवाक्यातलं आहे. सौ. तिला सरकारी आरोग्य केंद्रात घेऊन गेली, गोळ्या सुरू झाल्या. चहा सोडणं मात्र बाईंना गोळ्यांपेक्षा कडू गेलं.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत ५७ जणींचं रक्त कमी निघालं. शंभरात सत्तावन्न! 'दर शंभराला' असा आकडा वापरायचाच असेल तर हा वापरा. ही तागडी खोटी नाही. आपण मात्र डब्यातल्या बदामांनी भाजीला हरवलं की भाजीने बदामांना, याची कुस्ती लावून बसलो आहोत, आणि बघ्यांत ज्यांनी जेवायला हवं त्या बायका सगळ्यांचं वाढून झाल्यावर भांड्यात उरलेली भाजी पोळीने पुसून खाताहेत.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिवसभराच्या ताटाचा हिशेब दिला, दोन हजार कॅलरींचा. त्यात ४०० ग्रॅम भाज्या आहेत आणि ३५ ग्रॅम दाणे, बदाम, तीळ यांच्यासारखं. दोन्ही आहेत. 'किंवा' हा शब्द त्यात नाही. म्हणजे एवढी मोठी संस्था शेवटी अळूच्या भाजीपाशीच येऊन पोचली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. दाणे खा, मूठभर खा, खवट टाकून द्या. भाजी खा, वाटी भरून खा, वर लिंबू पिळा. कुटात हात आखडू नका. बदाम परवडत असतील तर खा, पण ते परवडतात म्हणून दुसऱ्याला सल्ले देत हिंडू नका. आणि भाजीत नुसतं पाणी असतं असं ज्याला वाटतं, त्याने ते जरूर म्हणावं. फक्त म्हणण्यापूर्वी मेथीच्या चार जुड्या निवडून द्याव्यात, आणि घरातल्या बाईला आपल्याआधी वाढावं. त्यानंतर त्याचं भाषण मी शांतपणे ऐकून घ्यायला तयार आहे. हातात दाण्यांची पुडी घेऊन.